भंडाऱ्यापासून विज्ञान परिषद किती दूर?

३ जानेवारी २०२३ रोजी नागपुरात इंडियन सायन्स काँग्रेसचं १०८वं अधिवेशन सुरू झालं. यजमान होतं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, आणि ते विद्यापीठाचं शताब्दी वर्ष होतं. उद्घाटनाचं भाषण पंतप्रधानांनी केलं, पण ते नागपुरात नव्हते. दिल्लीहून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं ते पडद्यावर आले, बोलले. ऐकणारे मात्र मंडपात सदेह हजर होते.

मला त्या दृश्याची गंमत वाटली होती. भंडारा ते नागपूर अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. आमच्याकडचा एखादा शिक्षक लाखांदूरहून किंवा तुमसरहून निघाला, तर पहाटेची एसटी, नागपुरात ऑटो आणि परतीला रात्र. ज्यांच्यासाठी विमान उभं राहू शकतं ते पडद्यावरून आले, आणि ज्यांच्यासाठी पडदा खरंच उपयोगाचा होता ते बसच्या दांड्याला धरून आले. यात पंतप्रधानांवर टीका करायचा हेतू नाही. त्यांच्या कामाचा व्याप वेगळा असतो. पण दूरस्थ हजेरी ही सोय कोणाला मिळते आणि कोणाला नाही, हा प्रश्न तिथूनच माझ्या डोक्यात बसला.

करोनानंतर 'ऑनलाइन परिषदांचं भवितव्य' या विषयावर खूप बोललं गेलं. जणू काही २०२० मध्ये झूम आलं आणि त्याबरोबर हा प्रश्न जन्मला. प्रत्यक्षात ज्ञानासाठी प्रवास करावा की ज्ञानानं प्रवास करून आपल्याकडे यावं, हा वाद हजार-बाराशे वर्षं जुना आहे. त्याच्याकडे वळण्याआधी थोडं आपल्या विदर्भाबद्दल.

सायन्स काँग्रेसची पहिली बैठक जानेवारी १९१४ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत झाली. सायमनसेन आणि मॅकमॅहन या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांची ही कल्पना होती. १०५ शास्त्रज्ञ जमले आणि ३५ निबंध वाचले गेले. नमुना होता ब्रिटिश असोसिएशनचा. दरवर्षी वेगळ्या शहरात भरायचं, म्हणजे विज्ञान राजधानीत अडकून पडत नाही. मला या संस्थेतली सर्वात मोलाची गोष्ट हीच वाटते, तिचं फिरतेपण. १९२० मध्ये सातवं अधिवेशन नागपुरात आलं. तेव्हा नागपूर विद्यापीठ स्थापन व्हायला अजून तीन वर्षं होती. अध्यक्ष होते आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि त्यांच्या भाषणाचा विषय होता आधुनिक भारतातली विज्ञानाची पहाट. त्यानंतर १९३१, १९४५ (अध्यक्ष शांतिस्वरूप भटनागर), १९७४ आणि मग थेट २०२३. म्हणजे शंभर वर्षांत पाच वेळा ही परिषद आमच्या शेजारच्या शहरात आली. १९७४ नंतर तर एकोणपन्नास वर्षांनी. नागपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या उमेदीच्या काळात ती एकदाही न येणं सहज शक्य होतं.

१९२० मध्ये भंडाऱ्याहून कोणी जायचं म्हटलं असतं तर रेल्वे होती, पण ती शहरात येत नव्हती. स्टेशन वरठीला. आजही पाटीवर 'भंडारा रोड' लिहिलेलं असतं, आणि या 'रोड' शब्दाचा अर्थ भंडाऱ्याच्या माणसाला सांगावा लागत नाही. गाडी तुमच्या गावाच्या नावानं थांबते, तुमच्या गावात थांबत नाही.

भंडारा मात्र परिषदांमध्ये हजर होता. माणूस म्हणून नव्हे, नमुना म्हणून. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजचा पट्टा ब्रिटिश भूवैज्ञानिकांनी बारकाईनं अभ्यासला. एल. एल. फर्मोर यांचा भारतातल्या मँगनीज खनिजांवरचा भलामोठा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. या भागातल्या एका खडकाला त्यांनी 'गोंडाइट' असं नाव दिलं, इथल्या गोंड समाजावरून. ते नाव आजही जगभरच्या भूविज्ञानात चालतं. फर्मोर पुढे १९३३ मध्ये पाटण्याला सायन्स काँग्रेसचे अध्यक्ष झाले. गोंडांचं नाव खडकाला चिकटून जगभरच्या सभागृहांत पोचलं. खाणीत तो खडक फोडणारा गोंड मजूर त्या सभागृहाच्या दारापर्यंतही गेला नाही. कोण बोलतं, कोणाबद्दल बोलतात आणि कोण ऐकतं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परिषदेचा इतिहास म्हणजे या तिघांमधल्या अंतराचा इतिहास आहे.

गैरहजर वक्त्याचं भाषण होणं हीसुद्धा नवी गोष्ट नाही. १९३८ मध्ये काँग्रेसचा रौप्यमहोत्सव कलकत्त्यात झाला. अध्यक्ष म्हणून अर्नेस्ट रदरफर्ड येणार होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं. जेम्स जीन्स अध्यक्ष झाले आणि रदरफर्ड यांनी तयार ठेवलेलं भाषण त्यांनी वाचून दाखवलं. वक्ता जगात नाही, तरी त्याचे शब्द सभेत आहेत. सभा त्याला ऐकू शकते, पण त्याला एकही प्रश्न विचारू शकत नाही. पुष्कळशा ऑनलाइन व्याख्यानांची तऱ्हा आज याहून फार वेगळी नसते, वक्ता जिवंत असूनही.

आता त्या जुन्या वादाकडे येतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या वचनांचं संकलन करणाऱ्यांसाठी प्रवास हा अभ्यासाचाच भाग होता. हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह एका हदीससाठी महिनाभराचा प्रवास करून शामला गेले, अब्दुल्लाह बिन उनैस यांच्या तोंडून ती ऐकायला. बुखारींनी या प्रवासाचा उल्लेख केला आहे. अकराव्या शतकात खतीब बगदादी यांनी तर ज्ञानासाठी केलेल्या अशा प्रवासांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. पुढे तेराव्या शतकात इब्न सलाह यांनी ज्ञान मिळवण्याच्या आठ पद्धती मांडल्या आणि त्यांचे दर्जे चर्चिले. पहिली समाअ, म्हणजे गुरूच्या समोर बसून ऐकणं. मग गुरूपुढे वाचून दाखवणं. मग इजाजत, म्हणजे परवानगी. मधे कुठेतरी मुकातबा येते, म्हणजे पत्रातून मिळालेलं ज्ञान. आणि सर्वात शेवटी विजादा, कुठेतरी हस्तलिखित सापडलं आणि वाचलं. पत्राचं ज्ञान पुष्कळांनी मान्य केलं, पण अट अशी की हस्ताक्षर ओळखीचं असलं पाहिजे. आणि सांगताना 'मी ऐकलं' म्हणायचं नाही, 'मला लिहून कळवलं' म्हणायचं.

मला या वर्गवारीचं कौतुक वाटतं ते यासाठी की तिच्यात दूरस्थ ज्ञानाला 'खोटं' म्हणून हाकललं नाही आणि 'तेच ते' म्हणून डोक्यावरही घेतलं नाही. कसं मिळालं ते प्रामाणिकपणे नोंदवा, एवढंच सांगितलं. तरीही पळवाटा निघाल्याच. बाप मंडळी आपल्या तान्ह्या बाळांच्या नावानंही मोठ्या आलिमांकडून इजाजत लिहून घ्यायची. मूल बोलायला लागण्याआधी त्याच्याकडे प्रमाणपत्र! काही विद्वानांनी यावर नापसंतीही दाखवली. २०२० च्या उन्हाळ्यात ज्यांनी वेबिनारची लिंक उघडून, आवाज बंद करून, शेवटी गूगल फॉर्म भरून ई-प्रमाणपत्रं गोळा केली, त्यांनी हे वाचून निर्धास्त व्हावं. परंपरा जुनी आहे. त्या तीन महिन्यांत माझ्याकडेही अशी अकरा प्रमाणपत्रं जमली होती. त्यातल्या दोन विषयांची नावंसुद्धा आज आठवत नाहीत.

पण दूरस्थ ज्ञानाची ताकद पाहायची असेल तर अल बिरूनीकडे जावं लागतं. २४ मे ९९७ च्या रात्री चंद्रग्रहण होतं. पंचविशीही न गाठलेला बिरूनी ख्वारिज्ममधल्या काथ शहरात होता, आज तो भाग उझबेकिस्तानात येतो. वयोवृद्ध गणिती अबुल वफा बगदादमध्ये होते. दोघांनी आधी ठरवून आपापल्या गावातून ते ग्रहण पाहिलं आणि वेळा नोंदवल्या. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागतं, पण दोन्ही गावांची स्थानिक घड्याळं वेगळी. दोन नोंदींत सुमारे एका तासाचा फरक निघाला आणि त्यावरून दोन्ही शहरांच्या रेखांशांतलं अंतर काढता आलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे काम दोघं एकत्र आले असते तर झालंच नसतं. ते एकमेकांपासून दूर होते, म्हणूनच शक्य झालं. दूर असणं ही इथे अडचण नव्हती, ते उपकरण होतं.

याच बिरूनीचा इब्न सीनाबरोबरचा पत्रव्यवहारही प्रसिद्ध आहे. बिरूनीनं अठरा प्रश्न पाठवले, त्यातले दहा ॲरिस्टॉटलच्या आकाशविषयक ग्रंथावर. इब्न सीनानं उत्तरं दिली. बिरूनीनं त्या उत्तरांवर पुन्हा आक्षेप घेतले, आणि ते बऱ्यापैकी बोचरे होते. पुढची उत्तरं इब्न सीनानं स्वतः दिली नाहीत, त्याच्या मासूमी नावाच्या शिष्यानं दिली. समोरासमोर असते तर कदाचित आदबीनं वाद मिटला असता. कागदावर तो मिटला नाही, म्हणून आपल्याला तो आज वाचायला मिळतो.

मग प्रत्यक्ष भेटीची गरजच काय? या प्रश्नाचं उत्तर अब्दुस सलाम यांच्या आयुष्यात आहे. केंब्रिजहून शिकून १९५१ मध्ये ते लाहोरला परतले आणि तिथे एकटे पडले. आसपास सैद्धांतिक भौतिकीवर बोलायला कोणी नाही, नवी नियतकालिकं वेळेवर नाहीत. याच काळात वोल्फगांग पाउली मुंबईला आले होते, टाटा इन्स्टिट्यूटमध्ये. त्यांनी सलाम यांना तारेनं बोलावलं आणि सलाम लाहोरहून मुंबईला धावले. फाळणी होऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झालेली! परवानगीशिवाय गेल्याबद्दल परतल्यावर त्यांच्या महाविद्यालयानं त्यांना जाब विचारला. १९५४ मध्ये सलाम यांनी देश सोडला. हे एकटेपण दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून १९६४ मध्ये त्यांनी इटलीत त्रिएस्ते इथे आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र उभं केलं. गरीब देशांतल्या संशोधकांनी तिथे काही आठवडे-महिने यावं, जगाशी बोलावं आणि पुन्हा आपल्या देशात जाऊन काम करावं, ही त्यामागची योजना. लाहोरमध्ये त्यांना कमी पडलं ते व्याख्यान नव्हतं. कमी पडली होती व्याख्यानानंतरची गप्पा मारायची जागा.

करोनाच्या वर्षी हे मला एका वेगळ्या वाटेनं समजलं. २०२० चा रमजान टाळेबंदीत गेला. मशिदी बंद, जुमा घरी, तरावीह घरी. फोनवर देशोदेशीच्या आलिमांची बयानं ऐकायला मिळत होती, एरवी आयुष्यात मिळाली नसती अशी. तेव्हा काहींनी विचारलं, मोबाईलवर इमाम दिसतो आहे तर त्याच्या मागे नमाज का नाही पढायची? बहुतेक उलेमांनी नाही म्हणून सांगितलं. बयान दुरून ऐकता येतं, जमात दुरून होत नाही. जमातीला सफ लागते, शेजारच्याचा खांदा लागतो. मला वाटतं, वैज्ञानिक परिषदेतही या दोन्ही गोष्टी असतात. व्याख्यान म्हणजे बयान. ते पडद्यावरून उत्तम पोचतं, कधी कधी मागच्या रांगेतल्या खुर्चीपेक्षाही चांगलं. चहाच्या टेबलाजवळची ओळख, पोस्टरपुढे उभं राहून घातलेली हुज्जत, 'तुमचा पत्ता द्या' ही सगळी जमात. ती पडद्यावर होत नाही. त्या वर्षी अनेक परिषदांनी तसं करून पाहिलं, आभासी कॉफी-कक्षही काढले. तिथे माणसं आली आणि कॅमेरे बंद करून बसली.

तरीही पडद्याच्या बाजूचा हिशेब मोठा आहे. मार्च २०२० मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीची डेन्व्हरची परिषद अगदी तोंडावर रद्द झाली, दहा हजारांहून जास्त भौतिकशास्त्रज्ञ येणार होते. तेव्हा लोकांनी आपापली भाषणं इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. २०२२ ची जागतिक गणित परिषद सेंट पीटर्सबर्गला व्हायची होती. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर ती पूर्ण ऑनलाइन झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाची महासभा केपटाउनला, म्हणजे आफ्रिकेत पहिल्यांदा भरली आणि ती मुद्दाम हायब्रिड ठेवली होती. पर्यावरणाचा मुद्दा तर आहेच. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या एका भूविज्ञान परिषदेच्या प्रवासातून सुमारे ८० हजार टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन झालं, असा हिशेब 'नेचर'मध्ये आला होता. आणि हवामान बदलावर निबंध वाचायला आलेली मंडळीही त्यातच होती. व्हिसा, तिकीट, नोंदणी शुल्क, घरी तान्हं मूल असलेली संशोधक, रजा न देणारं कार्यालय, या अडचणी तर आहेतच.

आपल्या दृष्टीनं मात्र सर्वात मोठी गोष्ट वेगळीच घडली आहे. ती फिरती परिषद थांबली. १९१४ पासून दरवर्षी भरणारी सायन्स काँग्रेस करोनामुळे २०२१ आणि २०२२ मध्ये भरली नाही. नागपूरनंतर ती पुन्हा नियमित होईल असं वाटलं होतं. पण केंद्र सरकारचा विज्ञान विभाग आणि काँग्रेसची संघटना यांच्यात निधीवरून वाद झाला आणि जानेवारी २०२४ चं अधिवेशन झालंच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं दिल्लीच्या भारत मंडपममध्ये स्वतःची नवी परिषद भरवली. जुन्या काँग्रेसमध्ये दोष पुष्कळ होते. पुराणातल्या विमानांवरचे निबंधही तिथे वाचले गेले, शास्त्रज्ञांनी तिला जत्रा म्हणून नावं ठेवली. पण जत्रा तरी गावोगाव येते. दिल्ली भंडाऱ्याहून हजार किलोमीटर आहे. परिषद आता आपल्याकडे चालत येणार नसेल, तर पडद्याचा प्रश्न आपल्यासाठी सोयीचा राहत नाही, हक्काचा होतो.

म्हणून हायब्रिडचा अर्थ काय लावायचा यावर भांडायला हवं. 'दिल्लीत सभा, बाकीच्यांना यूट्यूबची लिंक' याला मी हायब्रिड म्हणणार नाही. ती विजादा आहे, सापडलेलं वाचणं. प्रश्न विचारता आला आणि त्याचं उत्तर द्यायला वक्ता बांधील असला तरच ते निदान बिरूनीच्या पत्रापर्यंत पोचतं. आणि एकेकट्यानं घरात मोबाईलपुढे बसण्याऐवजी ठिकठिकाणी माणसं एकत्र बसली तर जमातही साधते. जगात याला 'हब' म्हणू लागले आहेत: एकच परिषद, पण तीन-चार शहरांत एकाच वेळी सभा, पडद्यानं जोडलेल्या. तीन-चार शहरांऐवजी तीस-चाळीस जिल्हे का नकोत? साकोलीला धान संशोधन केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे, भंडारा-तुमसरला महाविद्यालयांची सभागृहं आहेत. एक चांगली जोडणी, एक मोठा पडदा, चालणारा माईक आणि विजेसाठी जनरेटर एवढ्यात ते होईल. माईकवर मी विशेष जोर देतो, कारण आमच्याकडे ऐकू येण्याची सोय लवकर होते, बोलण्याची होत नाही.

आणि भंडाऱ्याकडे सांगण्यासारखं नाही असं थोडंच आहे? हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजानं शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव मालगुजारांकडे गेले आणि १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपल्यावर ते 'माजी मालगुजारी', म्हणजे आपल्या बोलीत 'मामा तलाव' झाले. पाळ कुठे घालावी, तुडूम कोणत्या उंचीवर ठेवावं, एका तलावाचं जादा पाणी खालच्या तलावात कसं सोडावं, हे पिढ्यांचं शास्त्र आहे. ढिवर बांधवांना कोणत्या पाणवनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो ते पाठ असतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं या लोकांबरोबर काम करून तलावांतली बेशरम काढून देशी वनस्पती लावल्या, देशी मासे परत यावेत म्हणून. हे ज्ञान दिल्लीच्या पडद्यावर उमटवायचं तर कॅमेरा पाळीवर न्यावा लागेल, आणि बोलणाऱ्याला मराठीत, खरं तर झाडीबोलीत बोलू द्यावं लागेल. काही गोष्टी तरीही उरतातच. गाळात पाय घातल्याशिवाय गाळ कळत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञांनी वरठीला उतरून यावं. प्रत्येक वेळी आपणच का जायचं?

सुरुवात करायला दिल्लीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे, मध्य साडेदहाच्या आधी काही मिनिटं, आणि ते आपल्याकडून दिसेल. त्या दिवशी दुपारी भंडाऱ्यातल्या एका शाळेनं मैदानात काठी रोवून सर्वात आखूड सावलीवरून आपलं स्थानिक मध्यान्ह ठरवावं आणि त्यावर एक घड्याळ लावावं. रत्नागिरीतल्या एखाद्या शाळेनं तेच करावं. रात्री दोन्हीकडच्या मुलांनी ग्रहण लागल्याची वेळ आपापल्या घड्याळावर टिपून एकमेकांना कळवावी. फरक सुमारे पंचवीस मिनिटांचा यायला हवा. मोबाईलमध्ये रेखांश आयता मिळतो, मग हा उपद्व्याप कशाला, असं एखादा मुलगा विचारेलच. त्याला बिरूनीची गोष्ट सांगावी आणि काठी त्याच्याच हातात द्यावी. ढग आले तर मात्र इलाज नाही. पण डिसेंबरात आमच्याकडे आकाश बहुधा स्वच्छ असतं.